शनिवारचं लोखंड

हौदाच्या तोंडाशी मी पालथी पडले होते आणि माझा उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात होता. हाताला पाण्याशिवाय काही लागत नव्हतं.

वर ऊन रखरखत होतं, त्यामुळं आतलं काहीच दिसत नव्हतं. काळं पाणी आणि त्यात माझंच तोंड. स्वाती, म्हणजे लेकराची आई, ओरडत नव्हती. नुसती "अन्वी, अन्वी" म्हणत होती, झोपलेलं पोर उठवावं तशी. लेकराची एक गुलाबी चप्पल हौदाच्या काठावर होती, दुसरी पाण्यावर तरंगत होती. पोर तीन वर्षांचं.

तेवढ्यात कौसाबाई आल्या. अन्वीची आजी. साठी कधीच ओलांडलेली बाई. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला लोटलं, "सरका," एवढंच म्हणाल्या, लुगड्याचा कासोटा आवळला आणि पाय खाली सोडून सरळ आत गेल्या. पाणी वर मिटलं.

त्याच घराच्या गेटाबाहेर, भिंतीला टेकून, ह्याच हौदाचं लोखंडी झाकण उभं होतं. नवीन, तांबडा रंग दिलेलं. ते मी आणलं होतं. भेट म्हणून.

हौदाचं झाकण भेट कोण देतं, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलंय. तेव्हा धंदा सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. दोघी पाण्यात असताना मी गोष्ट सोडून दुसरीकडं चालले, हे मला कळतं. पण ती आठवण अशीच येते मला. तिथं फार वेळ उभं राहता येत नाही. उठून चार घरं हिंडून यावं लागतं.

मी घरांची दलाली केली. आता सगळे एजंट म्हणतात, आमच्या वेळी दलालच म्हणायचे आणि मला त्याचं काही वाटलं नाही. शिक्षण चौथी, पैठणजवळच्या एका खेड्यात. शहरात आले तेव्हा रिकामी घरं झाडून द्यायचं काम करायचे. रिकाम्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडं असायच्या, म्हणून घर बघायला येणारे माझ्याकडंच यायचे. किल्ली जिच्याकडं, तिलाच लोक भाव विचारतात. असा धंदा सुरू झाला. बाकी सगळं सांगत बसले तर दिवाळी निघून जाईल.

काम बाहेरून सोपं दिसतं. घर दाखवायचं, दोघांना एका खोलीत बसवायचं, थोडे पैसे आगाऊ देऊन इसार करायचा, कागद वकिलाकडून बघून घ्यायचे, रजिस्ट्री करायची आणि शेवटी ताबा द्यायचा. ताबा म्हणजे किल्ली हातात ठेवून दार उघडून देणं. त्या दिवशी दलालानं गिऱ्हाइकाला काहीतरी भेट द्यायची रीत आहे. कुणी भिंतीवरचं घड्याळ देतं, कुणी चांदीचा मुलामा दिलेला गणपती. एक बिल्डर सगळ्यांना एकच गणपती द्यायचा. शाहीनबाजी म्हणून एक शिक्षिका होत्या, त्यांनाही दिला. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, ये बप्पा हमारे यहां अकेले पड जाएंगे. किसको दूं?" मी तो गणपती परत नेऊन ठेवला आणि बिल्डरला म्हणाले, खोक्यावरचं गिऱ्हाइकाचं नाव तरी वाचत जा. त्याला राग आला. त्या बाईला मी पुस्तकांसाठी मांडणी करून दिली, कारण घर बघायला आल्या तेव्हा प्रत्येक खोलीत त्या खिडकी बघायच्या आधी भिंतीची लांबी बघत होत्या.

माझी रीत एवढीच. घर दाखवताना गिऱ्हाईक घराकडं बघतं, मी गिऱ्हाइकाकडं बघते. कुणाचा हात कुठं जातो, कोण कुठं थांबतं, कोणत्या दारापाशी नवरा-बायको एकमेकांकडं बघत नाहीत. घराला काय कमी आहे आणि ह्या माणसाला काय कमी आहे, ह्या दोन्हींच्या मधलं काहीतरी द्यायचं.

दोन भावांनी एकच घर अर्धं अर्धं घेतलं. जिना एक. त्यांना मी दोन बेल दिल्या, एकीचा आवाज चिमणीचा, दुसरीचा साधा घणघण. मोठी जाऊ म्हणाली, "चिमणी आम्हाला पाहिजे." धाकटी म्हणाली, "सगळं चांगलं तुम्हालाच." भेट देऊन मी भांडण लावून आले, असं माझा मुलगा म्हणाला. पण दुसऱ्याच्या पाहुण्याला दार उघडायला कुणाला उठावं लागलं नाही, हे कुणी सांगत नाही.

एका नवऱ्यानं घर बायकोच्या नावावर केलं, कारण बायकांच्या नावानं सरकारी खर्च कमी लागतो. सगळ्या व्यवहारात ती बाई चहा देण्यापुरती दिसली. तिला मी दाराची पाटी दिली, पितळेची, फक्त तिच्या नावाची. नवरा म्हणाला, "बाई, माझं नाव राहिलं."

"कागदावर ज्याचं नाव त्याची पाटी," मी म्हणाले.

"मग मी काय भाडेकरू?"

"भाडं द्यायला लागल्यावर तसं म्हणा."

वर्षभरानं त्या बाजूनं गेले तर तिच्या पाटीच्या वर त्यानं आपली पाटी लावलेली. दुप्पट मोठी. पण तिची काढली नव्हती. पितळ घासलेलं होतं. मला तेवढं पुरलं.

आणि बहुतेकांना मी हौदाचं झाकण दिलं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. आठवडा जातो, कधी जास्तही. म्हणून बांधलेल्या घराला अंगणात जमिनीखाली हौद असतोच, माणूस बुडेल एवढा खोल, आणि वर माणूस आत उतरेल एवढं चौकोनी तोंड. बांधणारा त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा टाकून निघून जातो. फरशी सरकते, फुटते, पोरं तिच्यावर नाचतात. रजिस्ट्रीच्या कागदात हौद असतो, झाकण नसतं. मी गारखेड्यातल्या गफारभाईंकडून जाड पत्र्याचं झाकण करून घ्यायचे, दोन कड्या आणि कुलपाची जागा असलेलं. गिऱ्हाइकं हसायची. "मावशी, लोक चांदी देतात, तुम्ही भंगार देता." गफारभाईही सोडायचे नाहीत. "आपा, लोगां पेढे बाटते, तुम वजन बाटते." वाटू देत. पेढे संध्याकाळपर्यंत संपतात.

आता त्या शनिवाराकडं येते.

दत्ता, म्हणजे अन्वीचा बाप आणि कौसाबाईंचा मुलगा, शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. मूळचे करमाडकडचे. थोडी जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, त्यातून गारखेड्याच्या पुढं हे घर घेतलं. घर मी दाखवलं. त्या वेळी अन्वी प्रत्येक खोलीत शिरून आपल्या नावाची हाक मारायची आणि आवाज घुमला की हसायची. हौदाच्या फरशीवरही उडी मारून बघितली तिनं, तिथून आवाज कसा येतो ते. मी त्याच दिवशी गफारभाईंना माप दिलं. रविवारी वास्तुशांत होती. झाकण शुक्रवारी ताब्याबरोबरच द्यायचं ठरलं होतं, पण शुक्रवारी गफारभाईंच्या गल्लीत वीज नव्हती. वेल्डिंग शनिवारी सकाळी झालं. त्यांनी आपल्या तीनचाकी टेम्पोत दोरीनं बांधून आणलं आणि मी पुढं बसून आले.

गेटात कौसाबाई उभ्या होत्या. झाकणाकडं बघून म्हणाल्या, "लई बेस हाय. मजबूत हाय." मग म्हणाल्या, "आज वार कोन्ता?"

"शनिवार," मी म्हणाले.

"मग लोखंड आत नाय यायचं."

आमच्याकडं शनिवारी कुणी घरात लोखंड आणत नाही. तवा नाही, विळा नाही, खिळासुद्धा नाही. हे कौसाबाईंनी काढलेलं नव्हतं, मलाही लहानपणापासून माहीत होतं.

"कौसाबाई, हौद उघडा आहे," मी म्हणाले.

"उघडा कुटं, फरशी हाय की. एका राताचा तर प्रश्न. उद्या सकाळी पहिलं हेच बशवा. मी नाय म्हनत नाय बाई, वार नाय म्हनतोय."

गफारभाईंनी माझ्याकडं बघितलं. "आपा, उतारूं के नक्को?"

मी तोंडाळ म्हणून शहरात ओळखली जाते. बिल्डरांना तोंडावर बोललेय, वकिलांना बोललेय. पण धंद्यात माझा एक नियम होता: गिऱ्हाइकाच्या वाराला, दिशेला आणि देवाला हात लावायचा नाही. दक्षिणेच्या दारावरून, अमावास्येवरून वाद घालून मी व्यवहार मोडलेले होते, त्यातून तो नियम आलेला. म्हणून म्हणाले, "बाहेर उभं करा, गफारभाई."

कौसाबाईंना आमचा मान राखायचा होता. "उनातनं आलाव, च्या घेतल्याबिगर जायाचं नाय," म्हणून त्या आत चहा ठेवायला गेल्या. आम्ही गेटापाशी सावलीत थांबलो. आणि गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं."

जे ह्या शहरात राहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांना सांगते. पाणी आलं म्हटलं की माणूस हातातलं टाकून पळतो. किती वेळ राहील सांगता येत नाही. दत्ता अंगणात आला, हौदात धार पडते का ते बघायला त्यानं फरशी बाजूला सरकवली, मोटार लावली आणि वरची टाकी बघायला गच्चीवर पळाला. स्वाती स्वयंपाकघरात भांडी भरायला लागली. कौसाबाईंना वाटलं पोर आईजवळ आहे. आईला वाटलं आजीजवळ आहे. मी आणि गफारभाई गेटापाशी उभे राहून, दाराच्या कड्या पितळी चांगल्या का स्टीलच्या, असलं काहीतरी बोलत होतो. आम्हाला मोटारीचा आवाज येत होता. दुसरा कसलाही आवाज आला नाही. पडण्याचा आवाज होतो असं लोकांना वाटतं. होत नाही.

स्वाती बाहेर आली, "अन्वी कुठंय?" म्हणाली आणि तिला चप्पल दिसली.

मी पालथी पडून हात घातला. मला पोहायला येत नाही. गोदावरीकाठची असून येत नाही, मुलींना कुणी शिकवलं नाही. कौसाबाईंना येत होतं. त्यांच्या माहेरी विहीर होती आणि त्या पोरांबरोबर उड्या मारायच्या, हे मला नंतर कळलं. त्या आत गेल्या.

पाणी हललं. मग पुन्हा स्थिर झालं. मग पाण्यातून एक पिवळा फ्रॉक वर आला, त्यात पोर, आणि खालून दोन हात. मी फ्रॉक धरला, केस धरले, जे हाताला आलं ते धरून ओढलं. पोर बाहेर आलं. जड होतं. जिवंत पोर एवढं जड नसतं, असं त्या वेळी माझ्या मनात आलं आणि ते अजून जात नाही.

स्वातीनं तिला उचललं, गल्लीतली माणसं धावत आली. कुणी पाठीवर थापट्या मारल्या, कुणी पोट दाबलं, शेजारच्या एका बाईनं तोंडात तोंड घालून श्वास दिला. डॉक्टर नंतर म्हणाले, श्वास दिला तेवढं बरोबर केलं, बाकीचं करायला नको होतं.

इकडं कौसाबाई खाली जायला लागल्या होत्या. लुगडं भिजून अंगाला गुंडाळलं होतं आणि धरायला आत काही नव्हतं, गुळगुळीत भिंती. बोटं काठाला लागायची आणि सुटायची. गफारभाई टेम्पोकडं पळाले. झाकण बांधून आणलेली दोरी घेऊन आले, फास केला, आत सोडला. "मौशी, हात डालो अंदर. बगल में. बगल में लेव." कौसाबाईंनी कसाबसा काखेत घेतला. तोवर दत्ता गच्चीवरून खाली आला होता. त्या दोघांनी ओढलं. तोंड अरुंद, कोपरांची सालं निघाली. बाहेर आल्यावर त्या जमलेल्यांच्या पायांमधून रांगत पोरीकडं गेल्या.

पोरीनं पाणी ओकलं. मग थोडा वेळ काही नाही. मग ती रडली.

सगळे टेम्पोत बसून दवाखान्यात गेले. जिथं झाकण बांधून आणलं होतं तिथं पोर घेऊन स्वाती बसली. मला जागा नव्हती. मी घरात एकटी राहिले. मोटार चालूच होती आणि वरची टाकी भरून पाणी गच्चीवरून अंगणात पडत होतं. आधी मोटार बंद केली. गॅसवर चहा करपला होता, तो बंद केला. मग फरशी ओढून हौदावर घेतली आणि तिच्यावर बसले. झाकण गेटाबाहेर दिसत होतं. एकटीला उचलत नव्हतं. दत्ता परत येईपर्यंत मी तिथून उठले नाही. उठून काय करणार होते तेही कळत नव्हतं, पण बसवतही नव्हतं.

वास्तुशांत पुढं ढकलली. तरी रविवारी पाहुणे आलेच, बातमी ऐकून. कौसाबाईंना सकाळी सोडलं होतं, अन्वीला अजून एक दिवस ठेवलं होतं. मी आणि गफारभाई गेलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली. दत्ताची एक आत्या सगळ्यांना सांगत होती, "शनिवारी लोखंड दारात आलं. ते आलं आन् हे झालं."

"ते दारातच राहिलं, म्हणून झालं," मी म्हणाले.

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आम्ही दोघी एकाच झाकणाबद्दल बोलत होतो आणि दोघींनाही आपलंच खरं वाटत होतं. तिला पटवायला माझ्याजवळ काही नव्हतं. तिच्याजवळही नव्हतं.

दत्ता उठून माझ्याजवळ आला. "मावशी, राग नका मानू. पण हे घेऊन जा. नको आम्हाला."

"मग हौदावर काय टाकशील?"

"बघतो काहीतरी."

काहीतरी म्हणजे तीच फरशी, हे मला माहीत होतं. काल पोर बाहेर काढलं होतं आणि आज हे लोक हौद तसाच उघडा ठेवणार होते, तिच्याच भल्यासाठी म्हणून. सोमवारी ती पोर ह्याच अंगणात येणार होती.

आतून कौसाबाई आल्या. दोन्ही कोपरांना पट्ट्या. "दत्ता, आज वार कोन्ता?"

"रविवार."

"मग? सरला ना शनिवार. बशवा."

आत्या म्हणाली, "वैनी, आलं तर शनिवारीच ना ते? आता कवाबी बशिवलं तरी शनिवारचंच लोखंड."

"पान्यात मी गेलते," कौसाबाई म्हणाल्या. "तू गेलतीस का?"

त्यांनी आतून हळदीकुंकवाची कुयरी आणली, झाकणाला बोटं ओढली, आणि दत्तानं व गफारभाईंनी ते उचलून हौदावर बसवलं. नीट बसलं. माप बरोबर होतं. कुलूप लावून कौसाबाईंनी किल्ली आपल्या कमरेला खोवली.

मग मला म्हणाल्या, "बाई, तुमाला लई तोंडाळ म्हनत्यात."

"म्हणतात."

"मग काल माज्याशी भांडल्या का नाय?"

"तुम्ही गिऱ्हाईक होतात," मी म्हणाले.

"म्या कशाचं गिऱ्हाईक? घर दत्तानं घेतलं." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी विसरले असते.

त्यानंतर धंद्याची काही वर्षं राहिली होती. त्यात मी तो नियम मोडला. झाकण ताब्याच्या आधी न्यायचे आणि बसेपर्यंत हलायचे नाही. कुणी वार काढला की भांडायचे. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली, एकानं तर मला नास्तिक बाई म्हणून चार ठिकाणी सांगितलं. मी नास्तिक नाही. शनिवारी मीही तवा विकत घेत नाही. हे दोन्ही माझ्यात कसं राहतं ते मला विचारू नका, मला माहीत नाही.

आता धंदा सोडला. तरी शनिवारी घरात बसवत नाही. सकाळी निघते, नव्या वसाहतींतून चालते, गेटातून अंगणात बघते. कुठं फरशी दिसली की बेल वाजवते. काही लोक आत बोलावतात, काही दार लावून घेतात. सून म्हणते, "आई, आता बस करा." बस केलं तर हात पुन्हा पाण्यात जातो आणि हाताला काही लागत नाही.

अन्वी आता शाळेत जाते. कौसाबाई तिला सोडायला जातात. त्या दिवसापासून त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून पोर डाव्या बाजूनं चालतं. त्या शनिवारी हौदात ह्या दोघी होत्या. दोघी आहेत.